कातळाच्या पोटातली लाल माती

आमच्या शिरपूरची ओळख दूरदूरपर्यंत आहे ती जमिनीला न टेकलेल्या एका मूर्तीमुळे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला देशाच्या कानाकोपऱ्यातून भाविक येतात. मी आज बोलणार आहे ते मात्र जमिनीविषयी. त्या मंदिराखालच्या, माझ्या घराखालच्या आणि वाशीम जिल्ह्यातल्या प्रत्येक शेताखालच्या जमिनीविषयी.

निमित्त घडले ते १० जुलै २०२४ च्या सकाळचे. सव्वासातच्या सुमारास भांडी वाजली, पंखा हलला. नंतर कळले की भूकंपाचे केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते आणि तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी २१ मार्चलाही हिंगोलीने असाच एक हादरा दिला होता. चहाच्या टपरीवर जमलेल्या मंडळींनी मला गाठले. ‘‘आपल्याखाली ज्वालामुखी झोपलेला आहे म्हणतात. तो उठतोय की काय?’’ मला विचारण्याचे कारण एवढेच, की मी कवी आहे आणि कवितेत ‘ज्वालामुखी’ हा शब्द दोन-चार वेळा बेफिकिरीने वापरून बसलो आहे. बी.ए.ला माझा विषय मराठी वाङ्मय होता, भूगर्भशास्त्र नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग पुस्तके मिळवली, जाणत्यांना गाठले, वाचत गेलो. आणि वाचता वाचता लक्षात आले, की या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी लहानपणी आमच्याच विहिरीत पाहिले होते.

१९७२ च्या दुष्काळात मी मांडीवरचे पोर होतो. अब्बांनी त्या वर्षी शेतात विहीर खणायला घेतली. दहा-बारा वर्षांनी ती आणखी खोल करायची वेळ आली, तेव्हा काठावर बसून पाहायला मी होतो. वर दोन पुरुष काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला, पहारीने सुटणारा दगड. विहिरीवरची माणसे त्याला मांजऱ्या म्हणत. त्याच्याखाली काळा कातळ, घणाच्या घावाने ठिणगी पडावी असा. सुरुंगाशिवाय तो हलेना. आणि एके दिवशी त्या कातळाखालून निघाली चक्क माती. लालभडक, हाताला मऊ, ओली. वडार समाजातले एक वयस्क कारागीर टोपल्यातून वर आले, मूठ उघडली आणि अब्बांना म्हणाले, ‘‘भाऊ, हे पाहा. एवढ्या काया दगडाच्या पोटात हे माती कोनं नेऊन ठेवली असंन?’’

अब्बांना उत्तर देता आले नाही. मला ते द्यायला चाळीस वर्षे लागली.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ज्वालामुखी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा उंच डोंगर येतो. शिखरावर खळगा, त्यातून धूर. जपानचा फुजियामा, इटलीचा व्हेसुव्हियस, फिलिपिन्सचा पिनाटुबो हे असे डोंगर आहेत. त्यांना थरांचा किंवा स्तरित ज्वालामुखी म्हणतात, कारण तो डोंगर लाव्ह्याचा एक थर, राखेचा एक थर, पुन्हा लाव्हा, पुन्हा राख असा रचत गेलेला असतो. त्यांच्या पोटातला शिलारस चिकट असतो, कारण त्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, प्रमाण जास्त असते. चिकट रस दूर वाहत नाही. तोंडाशीच थिजतो आणि डोंगर उंच होत जातो. त्या चिकटपणामुळे आत कोंडलेली वाफ आणि वायूही सहज सुटत नाहीत. ते साठतात, आणि एक दिवस झाकण उडते. पिनाटुबो सुमारे ५०० वर्षे गप्प होता. त्याच्या उतारांवर जंगल होते, वस्ती होती. १९९१ च्या एप्रिलमध्ये तो कुरकुरू लागला आणि १५ जूनला फुटला. त्याने आकाशात फेकलेल्या गंधकवायूमुळे पुढले वर्ष-दीड वर्ष साऱ्या पृथ्वीचे तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरले. सुप्त ज्वालामुखी म्हणजे असा, खाली रस आहे, वर शांतता आहे.

आपल्या देशात असे डोंगर आहेत, पण ते मुख्य भूमीवर नाहीत. अंदमानच्या समुद्रात बॅरन नावाचे बेट आहे, तो भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या उद्रेकाच्या नोंदी मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभानंतर तो दीर्घकाळ शांत होता, आणि १९९१ मध्ये पुन्हा पेटला. त्यानंतर अधूनमधून धुमसतोच आहे. समुद्राबाहेर तो जेमतेम साडेतीनशे मीटर दिसतो, पण त्याचा पाया समुद्रतळाशी, दोन हजार मीटरांहून खोल आहे. त्याच्या उत्तरेला नारकोंडम नावाचे दुसरे बेट आहे, उंची ७१० मीटर, अंगभर दाट जंगल, आणि जगात इतरत्र कुठेही नसलेला एक धनेश पक्षी तिथे राहतो. माणसाने लिहून ठेवलेल्या काळात नारकोंडम कधी पेटलेला नाही. सुप्त म्हणतात तो हा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एफ. आर. मॅलेट यांनी १८८५ मध्येच या दोन्ही बेटांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला होता.

मग आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे अग्नीला डोंगर नव्हता. जमीन उसवली होती.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. भारताची भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या परिसरावरून ती उत्तरेकडे सरकत होती. खालून प्रचंड उष्णता वर येत होती. भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस बाहेर आला. हा रस बेसाल्टचा होता. सिलिका कमी, तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअस, त्यामुळे पातळ. तो उंच साचला नाही, पसरला. त्या भेगांत शेवटी थिजलेला रस आज भिंतीसारखा उभा दिसतो. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, नाशिक-पुण्याकडे आणि कोकणात अशा भिंती मोठ्या संख्येने आहेत.

लाव्हा पसरतो म्हणजे नदीसारखा धो धो वाहतो असे मला वाटत असे. तसे नेहमी होत नाही. वरची साय लवकर थिजते आणि खाली गरम रस येतच राहतो. मग ती साय उचलली जाते, थर जाड होत जातो, कडेने नवी जीभ बाहेर पडते. तव्यावर भाकरी टम्म फुगते ना, तसेच थोडेफार. फरक असा, की ही भाकरी काही मैल लांब आणि दहा-वीस मीटर जाड. वरचे कवच उष्णता धरून ठेवते, म्हणून आतला रस फार दूरपर्यंत जाऊ शकतो. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ याच लाव्ह्याचे थर सापडतात. पश्चिम घाटाच्या बाजूने निघून सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून तो तिथे पोचला, असे अभ्यासक मानतात.

भेगेतून निघणारा असा लाव्हा माणसाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. १७८३ मध्ये आइसलँडमध्ये लाकी येथे २७ किलोमीटर लांबीची भेग पेटली आणि आठ महिने धुमसत राहिली. विषारी वायूने कुरणे गेली, गुरे गेली, आणि मग दुष्काळात त्या देशाची जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे दगावली. त्यातून बाहेर पडला होता सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा. दख्खनच्या एकेका मोठ्या उद्रेकाचा अंदाज हजार घन किलोमीटर आणि त्याहून अधिक सांगतात. आणि असे उद्रेक एक-दोन नव्हते. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग त्यातच येतो. पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत होत नागपूरच्या आसपास संपते. आपण वाशीमकर मध्ये कुठेतरी, काही शे मीटर जाडीच्या गादीवर.

ही गादी एका दिवसात घातली गेली नाही, हे पाहायचे असेल तर अकोल्याहून एस.टी.ने या. पातूर सोडले की मेडशीकडे घाट चढताना खिडकीची जागा पकडा. डोंगराची बाजू सरळ उतरत नाही. कडा, मग पायरी, मग कडा, मग पायरी. कठीण कातळ कडा होऊन राहतो, मऊ मांजऱ्या झिजून पायरी होते. एकेक पायरी म्हणजे एकेक थर. युरोपीय अभ्यासकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटले तेही त्यामुळेच. उत्तर युरोपातल्या भाषांत त्या शब्दाचा अर्थ जिना. याच कातळात आपल्या पूर्वजांनी पातूरची छोटी लेणी कोरली, अजिंठा कोरले आणि वेरूळचे कैलास मंदिर तर वरून खाली कोरत आणले. अखंड, जाड, न तडकणारा थर ओळखल्याशिवाय असे काम हाती घेता येत नाही. ते कारागीर भूगर्भशास्त्र शिकलेले नव्हते, पण दगड वाचत होते.

आता त्या लाल मातीकडे येतो. एक थर थिजला, की पुढचा लगेच येत नसे. मध्ये शेकडो, कधी हजारो वर्षे जात. तेवढ्यात पाऊस पडे, दगड कुजे, त्याची माती होई. तळी साचत, झाडे उगवत. मग पुन्हा भेग उघडे आणि नवा रस त्या मातीवरून जाई. वरचा तप्त थर आणि आतल्या लोहाला लागलेला गंज यांमुळे ती माती लाल झाली, आणि तिच्यावर कातळाचे झाकण बसले. विहिरीवरची माणसे तिला गेरू म्हणतात. त्या वयस्क कारागिराच्या मुठीत होती ती कोणीही ‘नेऊन ठेवलेली’ नव्हती. ती एका काळची उघडी जमीन होती. तिच्यावर ऊन पडत होते, पाऊस पडत होता, आणि पाहायला माणूस नव्हता.

या दोन थरांमधल्या जमिनीतले जीव विदर्भात फार लवकर हाती लागले. नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आज तिथे आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकळी आणि आसपासच्या भागांतून शिंपले, बिया, वनस्पतींचे अवशेष गोळा केले. १८६३ मध्ये असेच एक उत्खनन पाहून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. पुढे बिरबल साहनी यांनी या थरांतल्या वनस्पतींचा सखोल अभ्यास केला. मुंबईत वरळीच्या टेकडीवर तर चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. दोन अग्नींच्या मधल्या सुट्टीत बेडूक डरावत होते, ही कल्पना मला कोणत्याही कवितेपेक्षा मोठी वाटते.

याच काळात डायनासोर संपले. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब येथे आदळलेली अवकाशातली शिळा हे त्याचे कारण आज बहुतेक अभ्यासक मानतात. काहीजण दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंकडे बोट दाखवतात. २०१९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी आपल्या दगडांचे वय फार बारकाईने मोजले. उद्रेक आघाताच्या आधी सुरू झाले होते आणि नंतरही चालू राहिले, यावर दोघांचे एकमत झाले. नेमका किती लाव्हा आधी आणि किती नंतर, यावर झाले नाही. वाद चालू आहे, आणि त्याचे पुरावे आपल्या घाटांत आहेत, याचेच मला अप्रूप.

लोणारचे नाव इथे निघणारच. आमच्याकडून रिसोडवरून लोणारला जाता येते, आणि ते सरोवर म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, असे सांगणारे आजही भेटतात. त्यांना हसू नये. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी त्याची नोंद केली, त्यानंतरचे दीडशे वर्षांतले अनेक शास्त्रज्ञही तसेच समजत होते. बेसाल्टच्या मुलखात गोल खळगा म्हटल्यावर दुसरे काय सुचणार? १९७३ मध्ये तिथल्या दगडांच्या तपासणीत प्रचंड दाबाखाली काच झालेली खनिजे सापडली, आणि तो उल्केचा आघात असल्याचे नक्की झाले. व्यास १.८ किलोमीटर. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे येते, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर. काहीही धरा, आपला कातळ तेव्हा थिजून कोट्यवधी वर्षे झाली होती.

तर टपरीवरचा प्रश्न. आपला ज्वालामुखी सुप्त आहे का? नाही. तो विझला आहे. भारताची भूमी पुढे सरकली आणि ती उष्णता मागे राहिली. चूल तिथेच, तवा उचलून दुसरीकडे नेला. चुलीच्या वाटेवरच्या खुणा समुद्रात दिसतात: लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस. रियुनियन बेटावर ती चूल आजही पेटलेली आहे, तिथला ज्वालामुखी सतत उद्रेक करत असतो. (या चुलीच्या सिद्धांतावर काही अभ्यासकांचे आक्षेप आहेत. पण चूल मानली नाही तरी आपल्याखाली विस्तव उरलेला नाही, हे कोणी नाकारत नाही.)

मग हादरे का बसतात? हिंगोलीच्या भूकंपांची खोली सुमारे १० किलोमीटर नोंदली गेली. आपल्या लाव्ह्याची गादी तर काही शे मीटरच आहे. म्हणजे हालचाल झाली ती गादीच्या कितीतरी खाली, तिच्याहून फार जुन्या ग्रॅनाइटी खडकात. भारताची भूमी आजही वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर सरकते, हिमालयाला रेटते, आणि तो ताण जुन्या भेगांवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे गेली, ती असाच ताण मोकळा झाल्यामुळे. त्यानंतर तिथे खोल वेध घेतला गेला. सुमारे ३४० मीटरवर लाव्हा संपला आणि खाली निघाला थंड, घट्ट, पुरातन खडक. कोयनेला तीच जाडी ९३० मीटरच्या आसपास भरली. शिलारस कुठेच नाही. किनवटकडच्या उनकेश्वरचे गरम पाणी दाखवून कोणी शंका काढते. ते पावसाचेच पाणी. भेगांतून खोल जाते, तिथल्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि वर येते. ज्वालामुखीची भीती नको. घराच्या भिंतींची काळजी घ्या, दगड-मातीच्या जड छपरांची घ्या. किल्लारीत माणसे मेली ती त्यांच्याखाली.

विझलेला अग्नी मात्र आपल्या घरात रोज आहे. शेतातली काळी माती हा कुजलेला बेसाल्ट. ती पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी भेगाळते, आणि ओल धरून ठेवते, म्हणून कपाशी आली आणि आता सोयाबीन, तूर येते. अब्बांच्या बोटात अकीकची अंगठी असे. अकीक कसा घडतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर येऊन थराच्या माथ्याशी अडकतात, म्हणून मांजऱ्या भोकाभोकांचा. पुढे हजारो वर्षे झिरपणारे पाणी त्या भोकांत सिलिका आणून साठवते, पापुद्र्यावर पापुद्रा. तोच अकीक. खंबायतचे मणीकार ज्या रतनपूरच्या खाणींतून तो शतकानुशतके आणत आले, तोही याच लाव्ह्याचा. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, तेही अशाच भोकांतले.

आणि पाणी. जाड, अखंड कातळात पाणी नसते. ते असते मांजऱ्यात, मुरमात, भेगांत. गेरूचा थर चिकट, पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर ते साचते. म्हणजे पाणी थराथराने आहे, खोलीने नाही. हे ठाऊक नसल्याने माझ्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी बोअर मारले. दोनशे फुटांवर नुसता धुरळा. यंत्रवाला म्हणाला, आणखी शंभर. मग आणखी शंभर. साडेचारशे फुटांवर सावकाराचे पैसे संपले, आणि वर आली ती कातळाची कोरडी, राखाडी पूड. त्या पुडीचा ढीग पुढे वर्षभर बांधावर होता. भावाने सोयाबीन विकून दोन वर्षे हप्ते भरले. गावोगावी अशी किती भोके आहेत, ते ज्याचे त्याला माहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे थरांची माहिती असते, ती विचारायला जावे, हे आम्हाला सुचले ते भोक पाडून झाल्यावर. पाणाड्याचा नारळ मात्र आधी सुचला होता!

मागच्या उन्हाळ्यात भाऊ आणि मी जुन्या विहिरीतला गाळ काढला. वरच्या मांजऱ्यातले झरे उघडे केले, शेताच्या उतारावर बांध घातला, ओढ्यातले पावसाचे पाणी अडवले. पाणी फार नाही, पण मे महिन्यात विहिरीचा तळ उघडा पडला नाही. दोराने उतरून मी त्या लाल पट्ट्यापाशी गेलो. कातळ आणि माती यांच्या सांध्यातून पाणी पाझरत होते, अंगठ्याएवढ्या धारेने.